पडक्या राजवाड्यातली वाट

इराणच्या राजपुत्राची ही गोष्ट सुरू होते ती भारतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गेमची पहिली लेव्हल म्हणजे एका हिंदुस्थानी महाराजाचा कोसळता राजवाडा. बाहेर लढाई पेटलेली, छतं ढासळताहेत आणि बापापुढे मिरवायला काहीतरी हवं म्हणून राजपुत्र खजिन्याच्या दिशेने भिंतींवरून धावत सुटलाय. तिथून तो काळ मागे फिरवणारा खंजीर उचलतो. लूट अझादच्या सुलतानाकडे पोहोचते, वजिराच्या नादाने राजपुत्र वाळूचं घड्याळ उघडतो आणि दरबारच्या दरबार राक्षस होऊन बसतो. पुढचा जवळजवळ सगळा गेम त्या एका अझादच्या राजवाड्यात घडतो. जिने तुटलेले, सज्जे लोंबकळणारे, पूल मध्येच संपणारे. या राजवाड्याच्या रचनेबद्दल खेळणारे आणि समीक्षक गेली वीसेक वर्षं भांडताहेत. काहींच्या मते कृती-साहसी गेममध्ये इतकी नेटकी लेव्हल डिझाइन त्याआधी झाली नव्हती. काहींच्या मते तो राजवाडा नाहीच, राजवाड्याचं चित्र डकवलेला बोगदा आहे.

हा वाद आपल्या दारात आला २०२० मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात युबीसॉफ्ट या कंपनीने या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली आणि काम सोपवलं होतं पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी भांडणाचं मूळ.

मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो ॲपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकट्याने लिहिला. धावण्या-उडी मारण्याच्या हालचालींसाठी त्याने आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतलं. आपल्याकडे तो पोहोचला डॉसवरून. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्या मराठी मुलांपैकी कितीतरी जणांनी वर्ड शिकण्याआधी या पांढऱ्या पायघोळातल्या राजपुत्राला खिळ्यांवर पाडलेलं असेल. बारा लेव्हली, साठ मिनिटं. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त चोवीस खोल्या, एका खोलीत दहा फरश्या रुंद असे तीन मजले. सगळी कमाल या चौकटीत बसवलेली होती. हलणारी फरशी, दाबली की दूर कुठेतरी दरवाजा उघडणारी फरशी, हळूहळू खाली येणारं जाळीचं दार. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारावी लागते आणि त्यातून राजपुत्राची सावली सुटून पळते. पुढच्याच लेव्हलमध्ये तीच सावली आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन जाते. मेमरी पुरत नव्हती म्हणून नवा शत्रू काढता येत नव्हता, तेव्हा राजपुत्राचीच आकृती थोडी फिरवून वापरली. टंचाईतून निघालेली ही युक्ती आजही लेव्हल डिझाइनच्या चर्चेत येते, कारण त्या सावलीशी लढलात तर तुम्हीच मरता. शेवटी तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जायचं असतं. आधीच्या अकरा लेव्हली जे शिकवतात त्याच्या बरोबर उलट.

ही रचना त्रिमितीत कशी न्यायची, हा नव्वदच्या दशकातला अवघड प्रश्न होता. १९९६ च्या ‘टूम रेडर’ने त्याचं उत्तर चौकोनांत शोधलं. कोअर डिझाइनच्या त्या गेममधलं सगळं जग सारख्या मापाच्या ठोकळ्यांचं आहे. जागेवरून मारलेली उडी एक ठोकळा ओलांडते, धावत मारलेली दोन. त्यामुळे लारा क्रॉफ्ट कड्यावर उभी राहते तेव्हा खेळणारा मनात मोजत असतो. एक पाऊल मागे, मग धाव, मग उडी, मग कड पकड. ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ ही त्यातली लेव्हल जुने खेळाडू अजून नाव काढून सांगतात. एकच खोल उभा कुवा, त्याच्या भिंतीतून फुटलेल्या खोल्या, आणि खाली पाहिलं की पोटात गोळा. ‘टूम रेडर’चं कौतुक करणारे म्हणतात, इथे जागा तुमची वाट पाहत नाही, तुम्हाला तिची मापं घ्यावी लागतात. न आवडणारे म्हणतात, ही मापं घेण्यातच अर्धा गेम जातो. दोघांचं खरं आहे. तिसऱ्या ‘टूम रेडर’ची सुरुवात भारतात होते आणि पुढे गंगेकाठी चार चाकांची मोटरसायकल हाकावी लागते. ती रचना फार कोणाला आठवत नाही आणि आठवावी असंही तीत फारसं काही नाही.

‘सँड्स ऑफ टाइम’ने मोजणं काढून टाकलं. युबीसॉफ्टच्या माँट्रियलमधल्या स्टुडिओत पात्रीस देझिले यांच्या नेतृत्वाखाली तो घडला. कथा मेकनरचीच. इथे राजपुत्राची उडी कमी पडेल का, हा प्रश्न सहसा पडत नाही. प्रश्न असतो तो वाट कुठून जाते हा. नव्या दालनात शिरलं की कॅमेरा एक फेरी मारून दालन दाखवतो. हवं तेव्हा एक बटण दाबून दुरून सगळी जागा पाहता येते. वाळूच्या खांबाशी गेम जतन केला की पुढच्या घटनांची झलक डोळ्यांसमोरून धावते. ती तुटक असते, पण त्यात दोन-तीन धागे मिळतात. आणि चुकलंच तर खंजिराने काळ मागे. खेळताना मेलो तर राजपुत्र, जो ही सगळी गोष्ट कोणाला तरी सांगतोय, मध्येच थांबून असं झालंच नव्हतं म्हणून स्वतःला दुरुस्त करतो. मरणाची शिक्षा नसल्याने लेव्हल बनवणाऱ्याला मोकळीक मिळाली. आधीच्या गेममध्ये जे अंतर क्रूर वाटलं असतं ते इथे धाडस वाटतं.

या रचनेचे चाहते प्रवाहाबद्दल बोलतात. भिंतीवरून धाव, तिथून खांबावर, खांबावरून दांडीवर, दांडीवरून दुसऱ्या भिंतीवर, आणि मध्ये कुठे थांबायची गरज नाही. सुलतानाच्या प्राणिसंग्रहालयातला पक्ष्यांचा तो प्रचंड पिंजरा, ज्याच्या माथ्यावर चढून जावं लागतं, हे या मंडळींचं आवडतं उदाहरण. मला त्याहून मोलाचा वाटतो तो सुरुवातीचा भाग, जिथे राजवाड्याची संरक्षण यंत्रणा चालू करायची असते. पहारेकरी वरून सूचना देतोय, खाली आपण चाकं फिरवतोय, आणि दालनाच्या मधोमध उभी असलेली यंत्रणा तुकड्या-तुकड्याने जुळते. ते कोडं राजवाड्याच्या आत का आहे याला कारण आहे. सुलतानाने ते चोरांसाठी बांधलेलं आहे. कोडं म्हणून जितकं चांगलं, तितकंच इमारत म्हणून पटणारं.

विरोधी मत नेमकं इथेच बोट ठेवतं. या मंडळींचं म्हणणं, अशा जागा थोड्या आहेत. बाकी ठिकाणी भिंतीतून दांड्या का बाहेर आल्यात, खांब बरोबर एका उडीच्या अंतरावरच का उभे आहेत, याला उत्तर नाही. एका वेळी एकच वाट असते, ती सोडून जाण्याची मुभा नाही. कॅमेऱ्याने दाखवलं, झलकेने सांगितलं, मग खेळणाऱ्याने केलं काय? आक्षेप जुना आहे, पण पोकळ नाही. गेम दुसऱ्यांदा खेळताना तो जास्त टोचतो. पहिल्यांदा वाट शोधण्यात जी मजा होती ती गेलेली असते आणि हाताला करायला फारसं उरत नाही. ‘टूम रेडर’ दुसऱ्यांदाही मोजायला लावतो. मात्र विरोधक एक गोष्ट विसरतात. पडझड हीच इथली वाटेची सबब आहे. धड राजवाड्यात कोणी पडद्याला लोंबकळून वरच्या मजल्यावर जाणार नाही, जिना वापरेल. वाळूच्या उत्पाताने जिने मोडले म्हणून सज्जे, पडदे, झुंबरं यांना काम मिळालं. जिथे ही सबब नीट वापरली तिथे अझाद इमारत वाटतो, जिथे विसरली तिथे कसरतीचं मैदान.

लढायांबद्दल तर चाहते आणि विरोधक यांच्यात फारसा मतभेदच नाही. दालनात शिरा, दारं बंद, वाळूचे राक्षस कुठूनही उगवतात, मारा, आणखी उगवतात. चढाईत ज्या खांबाचा, कठड्याचा, उंचीचा इतका विचार केला, त्यांचा लढाईत पत्ता नाही. भिंतीवरून उलटी उडी मारून वार करता येतो, पण ती भिंत कुठलीही चालते. पुढे एक लिफ्ट वर चढत असताना चारी बाजूंनी राक्षस अंगावर येतात, ती लढाई अवघड म्हणून बदनाम आहे. अवघडपणाबद्दल तक्रार नाही, पण तिथे राजवाडा नावाची गोष्टच उरत नाही. राजपुत्रासोबत महाराजाची मुलगी फारा असते. ती अरुंद फटीतून पलीकडे जाऊन दार उघडते तेव्हा लेव्हलला दोन शरीरं मिळाल्यासारखी वाटतात. लढाईत मात्र तिला सांभाळायचं ओझं होतं, आणि तिचा बाण कधी कधी राजपुत्रालाच लागतो. २००१ च्या जपानी ‘इको’चा परिणाम या जोडीवर उघड दिसतो. ‘इको’ने साथीदार मुलीला लेव्हलचा कणा केलं. ‘सँड्स’ने ते अर्धवट उचललं.

आणि तरी या गेममध्ये असे दोन भाग आहेत जिथे सगळे आक्षेप बाजूला ठेवावे लागतात. एक, लिफ्टच्या लढाईनंतरचा. दोघं खाली अंधारात पडतात, फाराचा आवाज येत राहतो, आणि राजपुत्रासमोर एकसारख्या दारांची दालनं येत जातात. चुकीच्या दारातून गेलात तर पुन्हा तिथेच. खूण डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा आवाज ज्या दारातून येतो ते दार धरायचं. एवढा वेळ कॅमेऱ्याने बोट धरून नेलेल्या खेळाडूचं बोट इथे सुटतं. दुसरा भाग शेवटचा. खंजीर हातून गेलेला असतो आणि पहाटेचा बुरूज चढायचा असतो. काळ मागे फिरवणं बंद. आतापर्यंत बेफिकीर मारलेली प्रत्येक उडी आता खरी. नवीन हालचाल एकही शिकवलेली नाही, फक्त आधार काढून घेतला आहे. लेव्हल डिझाइनमध्ये कठीणपणा वाढवण्याचे पुष्कळ मार्ग असतात, त्यातला हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

पुढचे भाग म्हणजे या वादाला कंपनीने दिलेली उत्तरंच. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’ने सरळ वाटेचा आक्षेप मनावर घेतला. एका बेटावरचा किल्ला, त्याचे भूतकाळ आणि वर्तमान असे दोन अवतार, आणि त्यांतून ये-जा. कागदावर कल्पना फार चांगली. प्रत्यक्षात खेळणारे त्याच त्याच दालनांतून फिरून वैतागले. २००५ च्या ‘टू थ्रोन्स’ने मुकाट्याने सरळ वाट पुन्हा धरली आणि बॅबिलॉन शहराची छपरं दिली. २००८ चा गेम तर पुढे गेला, त्यात पडलं की सोबतची एलिका हात देऊन वर ओढते, मरणं जवळजवळ नाहीच. तो दिसायला सुंदर होता आणि तेवढाच वादग्रस्त ठरला. दरम्यान राजपुत्राच्याच एका फसलेल्या पुढच्या भागातून ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला. तिथे अख्खं शहरच चढता येतं. भिंतीवरची प्रत्येक वीट पकड असेल तर वाट शोधण्याचा प्रश्नच संपतो, हे लोकांच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’ने मात्र जुन्या प्रश्नाला धरून नवं उत्तर काढलं. पुन्हा बाजूने दिसणारा सपाट पडदा, एकमेकांत गुंतलेल्या वाटा, आणि अडलं तर त्या जागेचं चित्र काढून नकाशावर टाचून ठेवायची सोय. नंतर शक्ती मिळाली की परत यायचं. ‘वॉरियर विदिन’ला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं, कारण परत येण्याचं कारण खेळणाऱ्याने स्वतः नोंदवलेलं असतं.

पडक्या वाटांचा हा प्रश्न खऱ्या गडांवरही पाहता येतो, म्हणून आता पुण्याजवळचा मुळशी तालुका. कागदोपत्री हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, बाहेरच्यांना ते पटत नाही. आयटी पार्कातली पोरं रात्री कन्सोलवर कडे चढतात आणि रविवारी खऱ्या कड्यांकडे निघतात, ताम्हिणीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लावून. तालुक्यात कोरीगड आहे, घनगड आहे, कैलासगड आहे, तैलबैलाच्या दोन सरळसोट भिंती आहेत. हे सगळं पाहून आल्यावर अझादच्या राजवाड्याबद्दलचं माझं मत थोडं बदलतं. गड बांधणाऱ्याचा हेतू लेव्हल बनवणाऱ्याच्या बरोबर उलटा असतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या बगलेत असा दडवलेला की समोरून पाहणाऱ्याला दरवाजा आहे हेच कळू नये. ती गोमुखी बांधणी म्हणजे वाट लपवण्याची कला. शेवटच्या वळणावर आणून शत्रूला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि वरून मारायचं. गेममधली वाट लपल्यासारखी दिसते, पण सापडावी यासाठीच बनवलेली असते. अझादच्या रचनेवर होणारा बोगद्याचा आरोप, नीट पाहिलं तर, याच फरकाबद्दल आहे. तिथे कोणीही तुमच्या विरुद्ध बांधलेलं नाही. अपवाद तेवढा त्या संरक्षण यंत्रणेचा, आणि म्हणूनच तो भाग उठून दिसतो.

घनगडावर दुसरी गोष्ट कळते. एकोले गावातून वर गेलं की एका टप्प्यावर जुन्या पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि तिथे आता लोखंडी शिडी बसवली आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, कारण गड पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये. म्हणजे पडझडीने वाट बदलते, ही ‘सँड्स’ची कल्पना काही कवीची भरारी नाही. पण खरा पडका गड मदत करत नाही. तिथे तुटलेल्या पायरीशेजारी सोयीची दांडी उगवत नाही, कोणीतरी गावातून शिडी खांद्यावर आणावी लागते. अझादमध्ये ही शिडी कोणी लावली, याचं उत्तर दिलं असतं तर तो राजवाडा आणखी पटला असता.

आता सुरुवातीला सांगितलेली ती नवी आवृत्ती. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी जे दाखवलं त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये टीकेची झोड उठली. चेहरे जुनाट, प्रकाश सपाट, असं म्हटलं गेलं. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली, आणि मे २०२२ मध्ये काम पुन्हा माँट्रियलकडे गेलं. त्या सगळ्या गदारोळात चर्चा मुख्यतः दिसण्याची झाली. राजवाड्याच्या वाटा जशाच्या तशा ठेवाव्यात की बदलाव्यात, लढाईची दालनं नव्याने बांधावीत का, हे बाजूलाच राहिलं. माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. चेहरे सुधारता येतात. पण २००३ ची एकपदरी वाट आजच्या खेळाडूला देताना तिच्यात काय घालायचं, हे आधी ठरवावं लागतं. पुण्यात बसून ते ठरवायची संधी होती, आणि ती चर्चा लोकांसमोर कधी आलीच नाही, याची मला हळहळ वाटते.

२०२० मध्येच पुण्यातून दुसरं उत्तर आलं होतं, लहान प्रमाणावर. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरात इतरत्र आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी, आणि भिंतींवरून धावणं, खांबांना विळखा घालणं हे सगळं राजपुत्राच्या घराण्यातलं. फरक कॅमेऱ्याचा. इथे तो स्थिर, दुरून आणि वरून पाहणारा. त्याचा फायदा असा की हिरण्यनगरीचे राजस्थानी धाटणीचे बुरूज आणि झरोके चित्रासारखे उलगडतात. भिंतींवरची चित्रं पाहायला थांबलं की पुराणातली गोष्ट ऐकू येते. तोटा तक्रारींत वारंवार येतो. किती पुढे उडी मारायची याचा अंदाज दुरून येत नाही आणि माणूस फुकट खाली जातो. लढाईची दालनं इथेही तशीच, दार बंद करून राक्षस सोडणारी. म्हणजे वडिलोपार्जित दोष तेवढा न चुकता उतरला! द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं, ते योग्यच होतं. तरी त्याचं बळ चित्रात आहे, वाटेत नाही.

सह्याद्रीची रांग मोठ्या गेममध्ये यायची ती आली २०१७ च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’मध्ये, कर्नाटकाच्या अंगाने. त्यातलं एक प्रकरण थेट पश्चिम घाट नावाचं आहे. होयसळांचे अवशेष, चिखल, धबधबे आणि जीप घेऊन हवं त्या क्रमाने फिरायची मुभा. उंचावरून पाहायचं, कुठला मनोरा आधी घ्यायचा ते ठरवायचं आणि निघायचं. सरळ वाटेला कंटाळलेल्यांना हे प्रकरण फार आवडलं. चढाई मात्र ‘सँड्स’पेक्षाही सोपी झाली. पकडायच्या कडा वेगळ्या रंगात, हात आपोआप तिकडे जातो. मोजायचं नाही आणि शोधायचंही नाही.

चढाईची ही रीत मुळशीतल्या कोरीगडावर लावून पाहिली तर ती लगेच अडते. पेठ शहापूरहून वर जाणारी वाट पायऱ्यांची, मध्ये गुहा आणि गणपतीचं देऊळ, मग दरवाजा. एवढ्यात चढाई संपते. खरा गड माथ्यावर आहे आणि तो सपाट आहे. दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ, तोफा आणि अखंड फिरता येईल अशी तटबंदी. लोंबकळायला तिथे काही नाही, त्यामुळे ‘सँड्स’चा सगळा शब्दसंग्रह निकामी. ‘लॉस्ट लेगसी’ची दुरून पाहून ठरवायची रीत चालेल, पण ती हिवाळ्यातच. जुलैत त्या माथ्यावर ढग उतरला की दहा पावलांवरचा तट दिसत नाही, आणि पावसाळ्याशिवाय मुळशीची लेव्हल कोण बनवेल? तेव्हा उपयोगी पडायची ती अझादच्या तळघरातली एकसारख्या दारांची युक्ती. तळ्याच्या काठाला पाणी आपटतं त्याचा आवाज, देवळातली घंटा, तटाच्या कडेवरून वर येणारा वारा. एवढ्या तीन खुणांवर खेळणाऱ्याला अख्ख्या माथ्याची प्रदक्षिणा करायला लावता येईल, कॅमेऱ्याने एकही फेरी न मारता.